अनुभव सांगणारा आणि ऐकणारे

आषाढी एकादशी आली की वारीचे वर्णन करावयाचे, टाळमृदंगाचा नाद आठवावयाचा आणि समतेच्या चार गोष्टी सांगून लेखणी खाली ठेवावयाची, असा आपल्याकडे एक शिरस्ता पडला आहे. तो शिरस्ता वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वारीच्या वाटेने जाणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी कोणा एकाला वाटेत, देवळात किंवा स्वतःच्या घरी अंथरुणावर पडल्यापडल्या काही विलक्षण जाणवते आणि ते त्याने बोलून दाखविल्यावर भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात, हा प्रश्न त्या वर्णनात सहसा येत नाही. आजच्या पर्वकाळी त्या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते. कारण भक्तांच्या समुदायाची खरी परीक्षा अशाच वेळी होत असते.

जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असे मुक्काम करीत बारामतीस येते. पुढे काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण होते. सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी वाट चालत ती सराटीस पोचते व नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते. या वाटेच्या दोन्ही अंगांना जी उसाची आणि डाळिंबाची गावे आहेत, त्यांतलेच इंदापूर तालुक्यातील वरकुटे हे एक नाव. बुद्रुक आणि खुर्द अशी दोन वरकुटी या तालुक्यात आहेत. वरकुट्यासारख्या गावात पालखी हा वर्षातला मोठा सण असतो, गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसे आळीआळीत असतात आणि देवाविषयी बोलणे हे परके वाटत नाही.

आता असे समजू या की, अशा एखाद्या गावातील सासुरवाशीण एके दिवशी पहाटे चुलीपुढे बसून म्हणाली, 'रात्री माझ्याजवळ देव येऊन बसला होता. मी जागी होते.' पुढे काय होईल? एका घरात सासू म्हणेल, हिला कामाचा कंटाळा आला आहे. दुसऱ्या घरात तिला हळदकुंकू लावून पाटावर बसवतील आणि सायंकाळपर्यंत अंगणात प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लागेल. तिसऱ्या घरात देवऋष्याला बोलावणे जाईल. आता तर हातोहाती मोबाईल असल्यामुळे तिचे बोलणे सूर्य मावळण्यापूर्वी शेजारच्या तालुक्यातही पोचेल. या सर्व गडबडीत एक गोष्ट मात्र बहुधा घडणार नाही. तिच्यापाशी कोणी निवांत बसून, 'बाई, काय झाले ते सावकाश सांग,' असे म्हणणार नाही. आमच्या या लेखाचा विषय ती न घडणारी गोष्ट आहे.

एका मुलीची कहाणी

हे चित्र काल्पनिक असले तरी त्याला महाराष्ट्राच्या इतिहासात एक लखलखीत पुरावा आहे. संत बहिणाबाई शिऊरकर (१६२८-१७००) यांनी स्वतःचे चरित्र स्वतःच्या अभंगांत सांगून ठेविले आहे. स्त्रीने आपल्या अंतरंगाची आणि संसाराची हकीकत इतक्या स्पष्टपणे सांगितल्याचे इतके जुने उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या निराळ्या. त्या विसाव्या शतकातल्या. या बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळील देवगावचा. लहानपणीच त्यांचे लग्न वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी झाले. घरावर कर्ज झाल्यामुळे सारे कुटुंब गाव सोडून क्षेत्रोक्षेत्री हिंडत कोल्हापूरला येऊन राहिले.

कोल्हापुरास जयरामस्वामींची कीर्तने चालत. त्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग या मुलीच्या कानी पडले. घरी एक गाय होती, तिचे वासरू बहिणाबाईंना इतके लागले होते की ते त्यांच्यामागून कीर्तनासही जाई. एकदा स्वामींनी त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेविला आणि गावात तिचा बोलबाला झाला. पतीला ही गोष्ट सहन झाली नाही. त्यांनी तिला मारले आणि बांधून ठेविले. पुढे ते वासरू गेले. मुलगी शुद्ध हरपून पडली आणि त्या अवस्थेत तिला विठ्ठलाचे व तुकोबांचे दर्शन झाले. त्यानंतर तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असे त्या सांगतात. तोवर त्यांनी तुकोबांना डोळ्यांनी पाहिले नव्हते.

ही हकीकत कळल्यावर भोवतालच्या लोकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. लोक त्या मुलीला पाहावयास गर्दी करू लागले, आणि त्या गर्दीमुळेच पतीचा क्रोध अधिक भडकला. ब्राह्मणाच्या घरातील स्त्रीने शूद्र गणल्या गेलेल्या गुरूचे नाव घ्यावे, लोकांनी तिला नमस्कार करावा आणि आपल्याला कोणी विचारू नये, हे त्यांना असह्य झाले. त्यांनी घर सोडून जाण्याचा निश्चय केला. तेव्हा बहिणाबाई गरोदर होत्या. म्हणजे एकाच वेळी त्या मुलीवर दोन आघात होत होते. घरचे लोक तिला मारीत होते आणि बाहेरचे लोक तिला पुजू पाहत होते. मारणाऱ्यांना तिचे ऐकावयाचे नव्हते, हे उघड आहे. पण पुजणाऱ्यांना तरी ते ऐकावयाचे होते काय? त्यांना पाहावयाचे होते एवढेच. उपहास आणि देव्हारा या दोन टोकांच्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. आमच्या मते त्या सख्ख्या बहिणी आहेत, कारण दोन्हींमुळे ऐकण्याचे कष्ट वाचतात.

पुढे पती आजारी पडले, त्या आजारात त्यांचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस गेले. तेथे मंबाजी गोसाव्यांनी त्यांना छळावयास कमी केले नाही. पण तेथे तुकोबांचे कीर्तनही होते, आणि या बाईला त्या कीर्तनात बसावयास जागा मिळाली. तिला कोणी गादीवर बसविले नाही आणि कोणी उठवूनही लावले नाही. पुढे याच बाईने जातिभेदाचे खंडन करणाऱ्या 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठी अभंगांत आणला. कोल्हापुरातील मुलीपासून शिऊरच्या बहिणाबाईंपर्यंतचा हा प्रवास तिच्या दर्शनामुळे झाला हे खरे. पण ते दर्शन पचविण्यास लागणारी जागा आणि काळ तिला देहूने दिला, हेही तितकेच खरे आहे.

तुकोबांनी आपले स्वप्न सांगितले, म्हणून

ज्या तुकोबांनी तिला स्वप्नात उपदेश केला, त्या तुकोबांनाही उपदेश स्वप्नातच मिळाला होता. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आहे. आणि ती सांगताना गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले होते व ते द्यावयाचे आपल्याला स्मरण राहिले नाही, हा साधा तपशीलही त्यांनी वगळलेला नाही. स्वप्न विकावयास निघालेला माणूस असला तपशील ठेवीत नसतो. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करावयास सांगितले, हेही त्यांनी असेच सांगितले. समाजाने त्यांना उत्तर काय दिले, ते सर्वश्रुत आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पण त्याच रामेश्वरभट्टांना पुढे पश्चात्ताप झाला आणि ते तुकोबांचे अनुयायी झाले, हेही परंपरा तितक्याच आवर्जून सांगते. ज्याचे चुकले त्यालाही परत येण्याची वाट मोकळी ठेवणे, हा या परंपरेचा मोठा गुण आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. अंतरीचा अनुभव बोलूच नये, तो झाकून ठेवावा, असे अनेक संप्रदाय शिकवितात. त्या शिकवणुकीत शहाणपण आहे. कोवळे रोप उन्हात ठेवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण नामदेवांनी आपले सुखदुःख देवापाशी उघडपणे बोलून ते अभंगांत ठेविले नसते, तर तीनशे वर्षांनी ते तुकोबांच्या स्वप्नात आले असते काय? तुकोबांनी आपली घालमेल शब्दांत मांडली नसती, तर कोल्हापुरातील त्या मुलीला आपल्या दुःखासाठी आणि आनंदासाठी शब्द कोठून मिळाले असते? एकाने सांगितले म्हणून दुसऱ्याला उमगले, अशी ही साखळी आहे. मौन हे सांगणाऱ्याचे व्रत असू शकेल. ऐकणाऱ्यांनी ते त्याच्यावर लादणे हा मात्र अन्याय आहे.

गोरोबांची थापटी

मग समुदायाने करावे काय? आमच्या संतमंडळीने या प्रश्नाचे उत्तर एका गोष्टीच्या रूपाने ठेविले आहे. महिपतींच्या 'भक्तविजया'मुळे (१७६२) ती घरोघरी गेली. ज्ञानदेवादी संत तेरढोकीच्या गोरा कुंभारांकडे जमले असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली थापटी पाहिली आणि हिने काय करितात असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते हिने थापटून कळते, असे गोरोबांनी सांगितले. तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या की आम्ही मडकीच आहोत, तर आमचीही परीक्षा पाहा. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटी मारली. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्णय गोरोबांनी दिला.

ही गोष्ट आपण बहुधा नामदेवांच्या गर्वहरणाची म्हणून सांगतो. आमचे लक्ष तीतील वेगळ्याच गोष्टीकडे जाते. नामदेव हे देवाशी प्रत्यक्ष बोलणारे भक्त. पण त्या सभेत, 'देव तुझ्याशी बोलतो हे खोटे आहे,' असे कोणीही म्हणाले नाही. तो प्रश्न निघालाच नाही. दर्शन खरे की आभास, याचा निवाडा बाहेरच्या माणसाला करता येत नाही हे त्या मंडळींनी जाणले होते. त्यांनी विचारले ते एवढेच की, देवाशी बोलून बोलून हा माणूस झाला कसा? डोक्याला थापटी लागली तर हा रागावतो की नाही? अनुभवाविषयी वाद न घालता अनुभव घेणाऱ्याचे वर्तन पाहावयाचे, ही ती रीत आहे.

या गोष्टीतल्या आणखी तीन बाबी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. परीक्षा एकट्या नामदेवांची झाली नाही, सर्वांची झाली. परीक्षा घ्या म्हणणारेही थापटीखाली बसले. परीक्षा घेणारा कोणी मठाधिपती किंवा शास्त्री नव्हता. तो एक कुंभार होता, आणि विषय काढणारी एक अल्पवयीन मुलगी होती. आणि कच्चे ठरलेल्या मडक्याला कोणी फोडून टाकले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, त्यांनी उपदेश घेतला आणि ते पुन्हा त्याच मंडळीत येऊन बसले. आज सारा महाराष्ट्र त्यांना शिरोमणी मानतो, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही त्यांची पदे आहेत. कच्चे म्हणणे म्हणजे टाकणे नव्हे, आणखी आंचेवर ठेवणे होय, हा कुंभाराचा न्याय आहे.

वारकरी कीर्तनाची घडणही याच न्यायाला धरून झालेली दिसते. कीर्तनकार निरूपणासाठी संतांचा अभंग घेतो, प्रमाणे संतांच्या वचनांची देतो, आणि मला काल काय दिसले हे सांगावयास तो उभा राहत नाही. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तिनेही हीच शिस्त पुढे चालविली. स्वतःचा अनुभव सांगावयाचा झाला तरी तो संतांच्या शब्दांतून सांगावा लागतो. त्यामुळे कोणाच्याही अनुभवाला एकदम बाजार मिळत नाही. शिवाय दिंडीत एकमेकांच्या पायां पडण्याची चाल आहे. ज्याला दर्शन झाले तोही पडतो आणि ज्याला झाले नाही तोही पडतो. अनुभवाने रांगेतली जागा बदलत नाही. ज्याला मोठेपणा मिळण्याचा संभव नाही, त्याला खोटे बोलण्याचा मोहही कमी होतो.

जेथे आपण कमी पडलो

तथापि स्वतःच्या परंपरेची नुसती आरती ओवाळून चालणार नाही. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांचे बोलणे संतमंडळीने ऐकिले, त्यांचे अभंग जपले आणि ते कीर्तनांतून गाइले. पण पंढरपूरच्या देवळाने चोखोबांना आत घेतले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी बांधिली, असे परंपरा सांगते. समाधी झाली तीही दाराबाहेर. त्यांच्या ज्ञातिबांधवांना देवापुढे उभे राहण्यासाठी १९४७ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरास उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे आपण त्या माणसाचे शब्द गात होतो आणि त्याच्या माणसांना बाहेर उभे करीत होतो. ऐकण्याचा एक प्रकार असाही असतो की त्यात कान उघडे आणि दार बंद असते.

इरावती कर्वे यांनी वारीत चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो १९४९ च्या 'परिपूर्ती' या संग्रहात आहे. भजन एकत्र आणि जेवणाची पंगत मात्र जातीनिहाय वेगळी, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी त्यात नोंदविले आहे. तो काळ आज पुष्कळ पालटला आहे. तरीही कोणाचा अनुभव ऐकावयाचा आणि कोणाचा हसण्यावारी न्यावयाचा, हे अजूनही सांगणाऱ्याच्या घरावर, जातीवर आणि ती बाई आहे की पुरुष यावर ठरते, ही गोष्ट कोणी नाकारू नये. गावातील प्रतिष्ठित बागाईतदाराने स्वप्न सांगितले तर देवळाचा जीर्णोद्धार होतो. तेच स्वप्न मोलमजुरी करणाऱ्या विधवेने सांगितले तर देवऋषी येतो. पुष्कळ वेळा अशा बाईच्या अंगात येते ते तरी का? एरवी तिच्या तोंडून निघालेला शब्द घरात कोणी मोजीत नाही, आणि देवाच्या नावाने निघालेला शब्द मोजावा लागतो. तिचे दुःख आधीच कोणी ऐकिले असते तर त्याला देवाच्या आवाजात बोलावे लागले नसते, असे आम्हांस वाटते.

अनुभव सांगणाऱ्याला छळणे हा काही आपल्याच भूमीचा दोष नाही. बगदादमध्ये मन्सूर अल-हल्लाज या सूफीला सन ९२२ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली. त्यात राजकारण होते, तसाच त्याच्या अंतरीच्या उद्गारांविषयीचा रोषही होता. स्पेनमधील आविलाच्या तेरेसा (१५१५-१५८२) यांनी आपल्या दर्शनांची हकीकत धर्मोपदेशकांच्या आज्ञेवरून लिहिली. ते हस्तलिखित धर्मन्यायालयाकडे तपासणीस गेले आणि त्यांच्या हयातीत मोकळे झाले नाही. पुढे १६२२ मध्ये त्याच चर्चने त्यांना संतपद दिले आणि १९७० मध्ये आचार्यपदही दिले. तेथे निदान तपासणारे अधिकारी नेमलेले होते. चूक झाली तर कोणाची, ते सांगता येते. आपल्याकडे असा कोणी अधिकारी नाही. माळ घालावयास वतन लागत नाही, तसे ऐकावयासही पद लागत नाही. म्हणूनच आपल्याकडे ही जबाबदारी शेजारच्या माणसावर येऊन पडते, आणि ती त्याने टाळली तर कोणाकडेही दाद मागता येत नाही.

आजचे कर्तव्य

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कायद्याने श्रद्धेवर घाला येईल, अशी भीती तेव्हा अनेक भाविकांस वाटत होती. परंतु कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, परिक्रमा, इतकेच नव्हे तर दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, हे सर्व त्या कायद्याने स्पष्टपणे मोकळे ठेविले आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना भिवविणे, फसविणे, लुबाडणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे. म्हणजे अनुभव सांगणे आणि अनुभवाच्या जोरावर दुसऱ्यावर सत्ता चालविणे यांत कायद्याने जी रेघ ओढली, ती गोरोबांच्या थापटीने ओढलेल्या रेघेहून फार दूर नाही. भाविकांनी हा कायदा परका मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट वैद्यकाची. काही वेळा माणसाला दिसणारे व ऐकू येणारे हे आजाराचे लक्षण असते. तो रात्र रात्र झोपत नाही, अन्न सोडतो, ऐकू येणारा आवाज त्याला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा घात करावयास सांगतो. अशा वेळी साखळदंड, उपास, अंगारा यांत दिवस घालविणे हे पाप आहे. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि शासनाच्या 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही सल्ला मिळतो. औषध दिल्याने देवाचा अपमान होत नाही. दक्षिणेश्वरी रामकृष्णांची अवस्था पाहून त्यांच्या माणसांनी कलकत्त्यातील वैद्यांचे उपचारही केले, आणि भैरवी ब्राह्मणीने पंडितांना बोलावून त्या अवस्थेचा शास्त्रार्थही करविला. दोन्ही गोष्टी प्रेमापोटी झाल्या. आजारी माणसाला देव मानणे आणि भाविक माणसाला वेडा ठरविणे, या दोन्ही चुका सावकाश ऐकून घेतल्याने टळण्याचा संभव आहे. घाईने त्या हमखास होतात.

आणि तिसरी गोष्ट काळाची. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६-१९५७) हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि स्वतः साधक; महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवाचा विचार करिताना नैतिक उन्नतीला त्यांनी मोठे स्थान दिले आहे. नैतिक उन्नती ही काही एका रात्रीत दिसत नाही. तिला ऋतू जावे लागतात. आषाढीला चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिकीला तो संपतो. कोणी आपल्यापाशी असा अनुभव बोलून दाखविला तर निदान हे चार महिने तरी आपण त्याच्याविषयी निवाडा देऊ नये. ते बोलणे चावडीवर नेऊ नये आणि मोबाईलवर पसरवू नये. त्याच्या नावाने पेटी ठेवू नये आणि त्याच्याकडून आपले भविष्य विचारू नये. त्याला नेहमीप्रमाणे पाणी धरावयास, दूध घालावयास, भजनाला यावयास बोलवावे. चार महिन्यांनी त्याच्या घरची माणसे अधिक सुखी दिसतात की अधिक भ्यालेली दिसतात, तो हिशेबाला अधिक सरळ झाला की अधिक तिरकस, त्याला लहानांचे बोलणे ऐकावयास आता सवड असते की नसते, एवढे पाहावे. मडके किती भाजले ते आपोआप कळेल. आणि त्याबरोबर आपलेही डोके थापटीखाली धरावे; कारण या चार महिन्यांत आपण किती ऐकले, याचीही परीक्षा होऊन गेलेली असते.

नीरा-भीमेच्या संगमाशी, याच इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूर आहे. प्रल्हादाच्या कथेशी परंपरा त्या क्षेत्राचा संबंध जोडते. त्या कथेचा आरंभ आपण विसरू नये. एका लहान मुलाने आपल्या मनात जे होते ते बापाला सांगितले होते, आणि बापाने ते ऐकून न घेता त्याला कड्यावरून लोटावयाची आज्ञा दिली. खांबातून देव प्रगट झाला तो त्यानंतर पुष्कळ काळाने. आपल्या घरी कोणी लेकरू, कोणी सून, कोणी वृद्ध असे काही बोलू लागले तर खांबाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. हातातले काम खाली ठेवून त्याच्याजवळ बसावे, एवढेच पुरे आहे. यंदाच्या आषाढीला वरकुट्यापासून पंढरीपर्यंत प्रत्येक घरी एवढे ऐकणारे एकेक माणूस असो, हीच पांडुरंगाचरणी आमची प्रार्थना.